पहिलं बाथरूम, मग बॅसिलिका

भोपाळच्या अवधपुरीत, आमच्या कॉलनीच्या बगीच्यात, सकाळी सहा वाजता वीस-पंचवीस माणसं भरलेल्या सुटकेसा ओढत गोल गोल चालताना दिसली तर घाबरू नये. कुठे पूर आलेला नाही आणि कुणी घर खाली करत नाहीये. रेजिनामावशींची यात्रेची तालीम सुरू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रेजिना तुस्कानो या आमच्या शेजारीण. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, पायात बारा महिने स्पोर्ट्स शूज. मूळच्या वसईच्या. यजमान बावतीसकाका इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते, आणि मावशी त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये. तीस वर्षांत त्यांनी सही घेतल्याशिवाय कुणाला एक स्क्रू दिला नाही. एकदा जनरल मॅनेजर स्वतः टॉर्च मागायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "साहब, पुरानी टॉर्च जमा कराइए, फिर नई मिलेगी." साहेब जुनी टॉर्च शोधायला परत गेले.

रिटायर झाल्यावर स्टोअर सुटलं, पण स्वभाव कुठे सुटतो. तो त्यांनी चर्चच्या कामाला लावला. त्यांच्या पॅरिशमधून दर दोन-तीन वर्षांनी एक जत्था युरोपातल्या तीर्थस्थळांना जातो. फातिमा, लुर्द, रोम, अस्सीसी. नेणारी टूर कंपनी असते, आध्यात्मिक मार्गदर्शनाला फादर असतात. कंपनी माणसं नेते, फादर आत्मे सांभाळतात, आणि या दोहोंच्या मध्ये जे काही उरतं, म्हणजे पाय, पोट, पासपोर्ट आणि मूत्राशय, ते सगळं मावशींच्या अखत्यारीत येतं.

बगीच्यातली तालीम निघायच्या दोन महिने आधी सुरू होते. नियम साधा. आपली बॅग आपण भरायची, ओढत पाच चकरा मारायच्या आणि शेवटी कारंज्याच्या चौथऱ्यावर, तीन पायऱ्या चढून, स्वतः उचलून ठेवायची. ज्याला जमत नाही त्याची बॅग तिथल्या तिथे उघडली जाते. मावशी दोन बोटांनी एकेक वस्तू वर उचलून विचारतात, "हे कशाला?" त्या प्रश्नाला आजवर कुणाला पटेल असं उत्तर देता आलेलं नाही. एका बाईंच्या बॅगेतून मावशींनी इस्त्री काढली होती. "तिथे हमाल नसतात," त्या सांगतात. "स्वर्गात असतील तर विचारून सांगेन."

बगीच्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याच वेळी हास्यक्लब भरतो. त्या मंडळींना एरवी हसण्यासाठी बरीच मेहनत करावी लागते. तालमीच्या दोन महिन्यांत ती लागत नाही.

बुटांची तपासणी वेगळी. मावशी सगळ्यांना बुटांचे तळ दाखवायला लावतात, घोडा विकताना खूर दाखवतात तसे. तळ झिजलेला नसेल तर तो बूट नापास. "नवे बूट घालून देवाकडे गेलं की देव दिसत नाही," त्या म्हणतात, "फोड दिसतो."

मी आणि माझी बायको माधवी या जत्थ्यात कसे गेलो, ते सांगायला हवं, कारण आम्ही देशपांडे. माधवी मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवते. ऐन वेळी एका जोडप्याने नाव मागे घेतलं आणि मावशी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोन सीट रिकाम्या आहेत. मला बस अर्धवट आवडत नाही. चला." माझी अनेक वर्षांची इच्छा युरोप पाहायची होती. देव वाटेत लागणार होता, त्याला माझी काही हरकत नव्हती.

"पण मावशी, आम्ही हिंदू."

"मग? बाथरूमला जाता ना? तेवढं पुरे."

हा त्यांचा मूलमंत्र होता, हे मला पुढच्या रविवारी समजलं. मिसानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये बैठक होती. फादर अनुप हे झारखंडकडचे, तिशीतले, अतिशय सौम्य गृहस्थ. त्यांनी सुरुवात केली, "तीर्थयात्रा बाहर की नहीं, भीतर की यात्रा है." ते आणखी खोल जाणार तेवढ्यात मावशींनी हात वर केला.

"फादर, भीतर का बाद में देखेंगे. पहले प्रोस्टेटवाले हाथ उठाएँ."

तमाम पुरुष छताच्या पंख्याकडे बघू लागले. हळूहळू तीन हात वर झाले आणि दोन अर्धे. मावशींनी अर्धेसुद्धा लिहून घेतले. त्या पाचांना बसमध्ये दाराजवळच्या आणि विमानात कडेच्या सीट मिळाल्या. पुढे सगळी यात्राभर त्या पाचांचे चेहरे इतरांपेक्षा शांत होते, आणि फादर त्याचं श्रेय प्रार्थनेला देत होते.

मग मावशींनी फळ्यावर लिहिलं, 'पहले बाथरूम, फिर बॅसिलिका', आणि मला कळावं म्हणून मराठीतही सांगितलं. बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, शिरायला दोन-दोन तास रांग असते. आत सोय नसते. रांग सोडली तर पुन्हा शेवटी. म्हणून बसमधून उतरलं की आधी ते काम, मग दर्शन. इच्छा असो वा नसो. "सेंट पीटरच्या समाधीसमोर उभे राहून जो माणूस दारं शोधतो, त्याची प्रार्थना पोचत नाही."

नियम बरेच होते. पासपोर्टच्या तीन प्रती, एक बॅगेत, एक अंगावर, एक घरी. गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, नाहीतर दारावरचा माणूस आत सोडत नाही. रिकामी छोटी बाटली सतत जवळ. "तिकडे सगळं आहे, फक्त जिथे पाहिजे तिथे पाणी नाही," हे वाक्य त्यांनी अशा स्वरात म्हटलं की बाटली कशासाठी ते विचारायची कुणाला गरज पडली नाही. बसमध्ये लोणचं उघडायचं नाही. बसमध्ये जपमाळ चालू असताना झोपायला हरकत नाही, पण घोरायचं नाही. "डोळे मिटल्यावर कोण प्रार्थनेत आणि कोण झोपेत ते मला कळतं, देवालाही कळतं. फादरना कळत नाही, त्यांना त्रास देऊ नका."

फादर अनुप यावर मनापासून हसले होते.

आणि शेवटचा, तीनदा अधोरेखित केलेला नियम असा, "देव थांबतो. बस थांबत नाही."

उदाहरणादाखल मिसरोदचे झेवियरसाहेब प्रत्येक बैठकीत उभे केले जात. मागच्या यात्रेत साहेबांनी लुर्दच्या झऱ्याचं पाच लिटर पवित्र पाणी हातातल्या बॅगेत घातलं होतं. सामानात टाकायचं असं मावशींनी बजावूनही. विमानतळावर तपासणीच्या बाईंनी कॅन बाजूला काढला. साहेबांनी तिला माता मरियेचं दर्शन, झरा, चमत्कार सगळं समजावलं. ती म्हणाली, पाणी आहे ना, मग नाही. फेकवेना म्हणून साहेबांनी तिथेच उभं राहून ते प्यायला सुरुवात केली. दीड लिटरवर थांबले.

"पुण्य किती मिळालं ते त्यांनाच ठाऊक," मावशी सांगत, "पण विमानात कडेची सीट मी दिली." झेवियरसाहेब मान डोलावत. बदनामी झाली तरी ती दर बैठकीत होते, याचा त्यांना थोडा अभिमानही असावा.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मावशींच्या व्हरांड्यात अर्ज घेतले जात. म्हणजे जे जाऊ शकत नाहीत त्यांनी आपलं मागणं कागदावर लिहून द्यायचं, मावशी ते लुर्दच्या गुहेपाशी ठेवणार. अर्ज द्यायला निम्मी कॉलनी येई. शर्मा, तिवारी, खान, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माझी मामेबहीण तर कोटरा सुल्तानाबादहून रिक्षा करून आली. तिने लिहून आणलं होतं, 'गुडघा बरा होऊ दे.'

मावशींनी चष्मा वर केला. "कोणता?"

"म्हणजे?"

"कोणता गुडघा? डावा की उजवा? तिथे रोज हजारो कागद येतात. असं मोघम लिहिलंस तर दुसराच बरा व्हायचा."

बहिणीने मुकाट्याने 'उजवा' असं लिहिलं. मग थोडा विचार करून 'डावासुद्धा थोडा' असं कंसात घातलं. ते मावशींना पटलं. 'सगळं चांगलं होऊ दे' असले अर्ज त्या सरळ परत करत. स्टोअरमध्ये 'काही सामान द्या' म्हणून कुणी चिठ्ठी आणली असती तर चाललं असतं का, असा त्यांचा सवाल असे.

या सगळ्या गडबडीत मावशींच्या घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. बावतीसकाका अकरा वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी नीलम, ती इटलीत असते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. इंजिनिअर होती, हेही. कॉलनीत तिच्याविषयी फार बरं बोललं जात नसे. इतकी शिकली, परदेशात बसली, बाप गेला तेव्हाही आली नाही, आईला कधी बोलावत नाही. माधवीने एकदा विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "तिकडे सुट्टी मिळत नाही," आणि वाटीत शेव ओतायला लागल्या. मीही मनातल्या मनात त्या मुलीला बऱ्याच शिव्या दिलेल्या आहेत.

आम्ही निघालो. मावशींना सोडून बत्तीस माणसं. विमानतळावर त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात एक पिवळं कार्ड अडकवलं. त्यावर नाव, रक्तगट, जत्थ्याचा नंबर, आणि रोज सकाळी त्यावर एक नवी चिठ्ठी चिकटवायची, त्या दिवशी बस कुठे उभी राहणार त्या जागेच्या नावाची. मी बेचाळीस वर्षांचा, कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस. गळ्यात कार्ड घालून लहान मुलांच्या सहलीसारखं फिरणं मला जमेना. मी ते पहिल्याच दिवशी बॅगेच्या तळाशी घातलं. मावशी रोज विचारत, "कार्ड?" मी छातीवर हात ठेवून म्हणे, "स्वेटरच्या आत आहे."

फातिमाला काही भाविक संगमरवरी वाटेवरून गुडघ्यांनी चालत जातात. ते पाहून झेवियरसाहेबांनाही भरून आलं आणि ते खाली वाकले. मावशींनी त्यांची कॉलर धरली. "नवस केला होता? नाही ना? मग पायांनी चला. उद्या दहा तासांची बस आहे."

लुर्दला गुहेसमोर मेणबत्ती लावताना माधवी रडायला लागली. तिची आई त्याच वर्षी गेली होती. मी खिशात रुमाल शोधत होतो, तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी तिच्या हातातली रिकामी बाटली घेतली, नळावर जाऊन भरून आणली, बूच घट्ट लावलं आणि तिच्या पर्समध्ये ठेवली. "आता रड निवांत," म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे." आणि खरंच वीस मिनिटं उभ्या राहिल्या, रहदारीच्या पोलिसासारख्या, मधून कुणाला जाऊ न देता.

दहाव्या दिवशी अस्सीसी. त्या सकाळी मावशी साडी नेसून खाली आल्या. एरवी प्रवासभर सलवार-कुर्ता आणि वर जाकीट. आज आंबा रंगाची रेशमी साडी, वर स्वेटर, खाली तेच स्पोर्ट्स शूज. नाश्त्याला त्यांनी फक्त चहा घेतला. बसमध्ये एकच गोष्ट चार वेळा सांगितली, "अडीच वाजता बसपाशी. अडीच म्हणजे दोन पंचवीस." त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी फादरनाही धरायला दिली नाही. मला हे सगळं दिसलं. मी विचारलं मात्र काही नाही.

अस्सीसी डोंगरउतारावर वसलेलं दगडी गाव आहे. दर्शन झालं, जेवण झालं, तास-दीड तास मोकळा होता. मी माधवीला म्हटलं, वर किल्ला आहे, तिथून सगळं खोरं दिसतं. ती म्हणाली उशीर होईल. मी म्हटलं, मी भूगोलाचा माणूस आहे.

किल्ला सुंदर होता. उतरताना आम्ही दुसऱ्या गल्लीने उतरलो. त्या गावाला बऱ्याच वेशी आहेत आणि बऱ्याच वेशींबाहेर बसतळ आहेत, हे ज्ञान मला तिथे झालं. आम्ही ज्या वेशीतून बाहेर पडलो तिथे जर्मन लोकांच्या चार बसा होत्या. आमच्या बसतळाचं नाव मला आठवेना. ते पिवळ्या कार्डावर होतं आणि कार्ड माझ्या बॅगेत होतं. माधवीचं कार्ड सकाळी मीच काढून ठेवायला लावलं होतं, फोटो चांगले यावेत म्हणून. दोघांत मिळून एकच फोन होता, त्याची बॅटरी किल्ल्याचे फोटो काढण्यात संपली होती. विचारत विचारत, चुकीच्या दिशेने एकदा आणि बरोबर दिशेने दोनदा चालून आम्ही बसपाशी पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

बस तिथेच होती. सगळे आत बसलेले. मावशी दाराशी उभ्या होत्या. सोळा वर्षांच्या संसारात न ऐकलेलं काहीतरी आता ऐकायला मिळणार, अशी मनाची तयारी करून मी जवळ गेलो. माधवीचा चेहरा पांढरा पडला होता.

मावशींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग विचारलं, "बाथरूमला जायचंय?"

"नाही."

"मग बसा." माधवीच्या हातात त्यांनी तिच्या बीपीची गोळी आणि पाणी दिलं आणि पुढे जाऊन बसल्या.

मला फार हायसं वाटलं. इतकं की मी दहा मिनिटांनी मागच्या सीटवरच्या मंडळींना किल्ल्याचं वर्णनही सांगायला लागलो. कुणी फारसं ऐकत नव्हतं. झेवियरसाहेब तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. शेवटी फादर अनुप उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"भाईसाहब," ते हळू आवाजात म्हणाले, "आपको मालूम नहीं होगा. रास्ते में एक छोटा कस्बा है, वहाँ एक मठ है. आंटीजी की बेटी वहीं है."

"काम करती है?"

"सिस्टर है. बंद मठ की. ये लोग बाहर नहीं आतीं. कभी नहीं." त्यांनी सांगितलं की त्या मठातल्या सिस्टर एकदा आत गेल्या की आयुष्यभर आतच राहतात, प्रार्थना आणि काम. घरच्यांना वर्षातून ठरावीक दिवशीच भेटता येतं, तेही जाळीच्या पलीकडून, अर्धा तास. मावशींनी सहा महिने आधी पत्र लिहून आजची वेळ मागून घेतली होती. चार ते साडेचार. मागची भेट तीन वर्षांपूर्वी झाली होती, मागच्या यात्रेत.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कस्ब्याला पोचायला अजून पाऊण तास होता.

"तुम्ही निघून का नाही गेलात?" मी विचारलं. मराठीत विचारलं, ते मला नंतर लक्षात आलं. फादरना ते कळलं.

"टूर मॅनेजर ने कहा था, उन दोनों को ट्रेन से बुला लेंगे. सब तैयार थे. आंटीजी नहीं मानीं. बोलीं, माधवी की बीपी की गोलियाँ बस में हैं."

किल्ल्याचं वर्णन तिथेच थांबलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी बस एका उंच भिंतीशी थांबली. मावशी पिशवी घेऊन उतरल्या. फादर उठत होते, त्यांना मी थांबवलं आणि स्वतः मावशींच्या मागे गेलो. मी काय करणार होतो, मला माहीत नव्हतं. जाऊन चूक कबूल करावी, पाया पडावं, दार तोडावं, असलं काहीतरी डोक्यात होतं.

भिंतीत एक लहानसं दार आणि त्याच्या शेजारी एक लाकडी फिरतं कपाट होतं. बाहेरून वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचं, आतून कुणीतरी घेतं. माणूस दिसत नाही. मावशींनी घंटा वाजवली. आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, इटालियन. मावशींचं इटालियन दहा शब्दांचं होतं. ते त्यांनी सगळे वापरले. नीलमचं मठातलं नाव, मम्मा, इंडिया, बस. आतला आवाज बराच वेळ बोलला. रागाने नाही, समजूत घातल्यासारखा. मी पुढे होऊन इंग्रजीत म्हटलं की चूक माझी आहे, या बाईंची नाही, पाच मिनिटं तरी भेटू द्या. आतून पुन्हा तोच सौम्य आवाज आणि शेवटी एक शब्द, दोमानी. तेवढा मला येत होता. उद्या. उद्या आम्ही विमानात असणार होतो.

मावशींनी पिशवी उघडली. वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी, त्यांची दोन पुडकी. जाड लोकरीचे मोजे, घरी विणलेले. शेवेचं पाकीट. गुडघ्याला बांधायचे पट्टे, दोन. एकेक वस्तू त्यांनी कपाटात ठेवली आणि कपाट फिरवलं. ते रिकामं परत आलं.

"मावशी," मी म्हटलं, "मला..."

"कार्ड कुठे आहे?"

"बॅगेत."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"माहीत होतं मला. स्वेटरच्या आत कार्ड असलं की दोरी मानेवर दिसते." त्या भिंतीच्या कडेने चालायला लागल्या. "चल. पलीकडून चर्चचं दार आहे. ते सगळ्यांना उघडं असतं."

चर्च अगदी लहान होतं. आठ-दहा बाकं, त्यांवर गावातल्या चार म्हाताऱ्या. समोर वेदी, आणि वेदीच्या उजव्या हाताला भिंतीत मोठी लोखंडी जाळी, तिच्यामागे पांढरा पडदा. आम्ही सगळ्यात पुढच्या बाकावर बसलो. बाकावर बसल्यावर मावशींचे पाय जमिनीला पुरत नव्हते, ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"बावतीस एकदाही आले नाहीत," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "म्हणायचे, पोरीने मला विचारलं नाही. मी म्हटलं, मी जाते. पण एकटी एवढ्या लांब कशी येणार? मला विमानाची भीती वाटते."

"तुम्हाला?"

"मग. लोकांच्या बॅगा बघत बसलं की तेवढं लक्षात राहत नाही."

"कॉलनीत सांगितलं का नाही कधी?"

त्यांनी जरा विचार केला. "काय सांगू? लोक पहिल्यांदा म्हणतात, वा, केवढा त्याग. मग विचारतात, तुम्हाला आठवण येत नाही का? त्यापेक्षा सुट्टी मिळत नाही, हे बरं."

पडद्यामागे पावलं वाजली. बाकं सरकली. मग गाणं सुरू झालं. संध्याकाळची प्रार्थना होती, वाद्य काही नाही, नुसते बायकांचे आवाज, दहा-बारा असतील. सगळे मिळून एकच आवाज असल्यासारखे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकायला बरं वाटत होतं.

मावशींनी डोळे मिटून मान तिरपी केली होती. थोड्या वेळाने त्यांनी कोपराने मला ढोसलं.

"सगळ्या बरोबर गातात," त्या कुजबुजल्या. "एक आहे बघ, शेवटाला वर जाते. अर्धा सूर चुकते. ऐकलंस?"

मी ऐकत राहिलो. पुढच्या ओळीच्या शेवटी खरंच एक आवाज बाकीच्यांना सोडून थोडा वर गेला आणि तिथेच राहिला.

"ती माझी," मावशी म्हणाल्या. "चोवीस वर्षं देवासमोर गातेय. त्यानेही काही सुधारलं नाही."

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. त्या सरळ बसल्या आणि मोठ्यांदा घसा खाकरला. स्टोअरच्या खिडकीतून रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावा, तसा. चारही म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

पडद्यामागे तो वरचा आवाज थांबला. बाकीच्या गात राहिल्या. एक ओळ तशीच गेली. दुसरी अर्धी गेली. मग तो पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठा आणि आधीपेक्षा जास्त चुकीचा, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

प्रार्थना संपली. पावलं आत गेली. कुणीतरी पडद्यामागचा दिवा मालवला. मावशी जागच्या हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने नाक पुसलं आणि बाकावरून खाली उतरल्या.

"मागच्या वेळी सर्दी होती तिला," त्या म्हणाल्या. "आज आवाज मोकळा होता."